फॅक्स यंत्रातली कागदाची चाल: स्कॅनिंग आणि छपाईच्या यंत्रणेची रचना, आकड्यांसकट

फॅक्स यंत्र उघडलं की बघणाऱ्याची नजर आधी सेन्सरकडे, नाहीतर छपाईच्या थर्मल हेडकडे जाते. रचना करणाऱ्याने मात्र आधी रोलरकडे बघावं. सेन्सर आणि हेड तयार मिळतात, त्यांचं माहितीपत्रक सोबत येतं. कागद किती सरकेल, कुठे थांबेल आणि थांबताना किती थरथरेल हे कुठल्याच माहितीपत्रकात नसतं. ते आपल्यालाच घडवावं लागतं, आणि प्रतीवर दिसणारे बहुतेक दोष तिथूनच येतात.

इथे ए४ आकाराच्या, ग्रुप ३ प्रकारच्या (म्हणजे टेलिफोन लाइनवर चालणाऱ्या नेहमीच्या डिजिटल फॅक्सच्या) साध्या यंत्राची रचना सुरुवातीपासून करून बघू. फॅक्स आता मागे पडला असला तरी कागद ओढून घेणारे स्कॅनर, बहुउद्देशी यंत्रं आणि पावत्या छापणारे थर्मल प्रिंटर याच हिशेबावर चालतात.

पायरी १: आधी आकडे मांडा

ग्रुप ३ चं मानक १९८० सालचं, टी.४ या नावाचं. त्यातल्या मोजक्या आकड्यांवर सगळी यांत्रिक रचना उभी राहते. आडव्या रेषेत २१५ मिमी रुंदीला १७२८ ठिपके, म्हणजे मिलिमीटरला साधारण ८. उभ्या दिशेने साध्या प्रतीला मिलिमीटरला ३.८५ रेषा आणि बारीक प्रतीला ७.७. त्याहून बारीक हवं असेल तर १५.४. ए४ च्या २९७ मिमी लांबीत साध्या प्रतीच्या १,१४३ रेषा होतात, बारीक प्रतीच्या २,२८७. बारीक प्रतीत एका रेषेला कागद ०.१२९९ मिमी सरकला पाहिजे. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा, पुढे सारखा लागणार आहे.

दोन्ही दिशांना एक टक्का कमी-जास्त चालतं. ही सूट ऐसपैस वाटते, पण पाठवणारं यंत्र एक टक्का एकीकडे आणि घेणारं एक टक्का दुसरीकडे गेलं तर पानाच्या लांबीत सहा मिमीचा फरक पडतो. त्यात रबराची झीज आणि कागदाच्या जाडीतला बदल येतोच. म्हणून नव्या यंत्रासाठी मी अर्ध्या टक्क्याच्या आतलीच सूट धरायला सांगेन.

आणखी एक कारण आहे. आडवं माप सेन्सरच्या चिपवर आणि हेडच्या सिरॅमिकवर कोरलेलं असतं, ते हलत नाही. त्यामुळे उभ्या दिशेची सगळी चूक आकृतीच्या आकारात उतरते, वर्तुळाचं अंडं होतं. जुन्या ड्रमच्या यंत्रांत ड्रमचा व्यास आणि मिलिमीटरमधल्या रेषा यांचा गुणाकार दोन्हीकडे सारखा ठेवत. तो सारखा असला की चित्र लहानमोठं होई, पण वाकडं होत नसे. रेडिओवरून येणाऱ्या हवामान नकाशांसाठी हा गुणाकार ५७६ असतो: १५२ मिमीचा ड्रम आणि मिलिमीटरला ३.७९ रेषा. आपल्या यंत्रात ही सोय नाही, सगळा भार रोलरवर आहे.

आता वेळ. घेणारं यंत्र एका रेषेला किमान किती वेळ हवा ते आधीच कळवतं: ०, ५, १०, २० किंवा ४० मिलिसेकंद. २० धरले तर साध्या प्रतीचं पान २३ सेकंदांत सरकतं, म्हणजे सेकंदाला १३ मिमी. वेग मामुली आहे. अडचण वेगाची नसून थांबत-थांबत चालण्याची आहे, ती पायरी ५ मध्ये येईल.

पायरी २: कागद कशाने बघायचा

दोन मार्ग आहेत. पहिला सीसीडीचा, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या लहान चिपचा: लांबून, भिंगातून, प्रतिमा लहान करून बघायचं. दुसरा सीआयएसचा, म्हणजे कागदाला टेकणाऱ्या सेन्सरचा: सेन्सरची पट्टी कागदाइतकीच रुंद घेऊन काचेला चिकटून बघायचं.

सीसीडीचा हिशेब करून बघा. एका ठिपक्याची जागा १४ मायक्रॉन असेल तर १७२८ ठिपक्यांची लांबी २४.२ मिमी. २१५ मिमीचा कागद तेवढ्यात बसवायचा म्हणजे प्रतिमा ०.११२५ पट. ३० मिमी नाभीय अंतराचं भिंग घेतलं तर कागदापासून भिंग सुमारे २९७ मिमी, भिंगापासून सेन्सर ३३ मिमी, एकूण प्रकाशमार्ग ३३० मिमी. टेबलावरच्या यंत्रात एवढी सरळ जागा नसते, म्हणून आरशांनी मार्ग दुमडतात, आणि आरसे आले की यांत्रिक डोकेदुखी आली.

आरसा जितका कलतो, त्याच्या दुप्पट कोनातून किरण वळतो. कागदापासून २०० मिमीवरचा आरसा ०.१ अंशाने कलला तर वाचनरेषा कागदावर ०.७ मिमी सरकते, म्हणजे बारीक प्रतीच्या पाच रेषा. कायमचा कल बसवताना काढता येतो. मोटरच्या थरथरीने होणारा कल काढता येत नाही. वाचनरेषा अर्ध्या रेषेइतकी हलायला ३० मिमी रुंद आरशाची एक कड दुसरीपेक्षा फक्त ५ मायक्रॉन हलली तरी पुरते. म्हणून आरशांची चौकट आणि मोटर एकाच पत्र्यावर कधी बसवू नका. आरसा तीन बिंदूंवर टेकवा आणि स्प्रिंगच्या पट्टीने दाबा. चौथा टेकू दिलात तर तो आरसा वाकवतो, आणि काच मिळते तेवढी सरळ मग राहत नाही.

भिंग आणि सेन्सर एकाच ठोकळ्यावर घ्या. पूर्ण ठोकळा पुढे-मागे केला की प्रतिमेचा आकार बदलतो, फोकस जवळपास जागेवर राहतो: वरच्या आकड्यांत १ मिमी सरकवल्यावर आकार ०.३४ टक्क्याने बदलतो आणि फोकस फक्त १३ मायक्रॉनने ढळतो. फोकससाठी भिंग ठोकळ्यातल्या ठोकळ्यात सरकवायचं. दोन जुळण्या अशा वेगळ्या केल्या नाहीत तर जुळवणारा माणूस दिवसभर एकामागून दुसरी फिरवत बसतो.

कडेचा उजेडही कमी पडतो. या भिंगाला कागदाची कड साधारण २० अंशांवरून दिसते, आणि त्या कोनाला प्रकाश मधल्यापेक्षा २२ टक्के घटतो. इलेक्ट्रॉनिक दुरुस्ती करता येते, पण त्यात कडेचा खरखरीतपणा वाढतो. त्यापेक्षा भिंगापुढे पत्र्याची एक फट ठेवा, मधे अरुंद आणि टोकांना रुंद. कापलेल्या पत्र्याच्या तुकड्याने हे काम फुकटात होतं.

सीआयएसमध्ये एलईडीची पट्टी, काचेच्या बारीक दांड्यांची भिंगमाला आणि सेन्सर हे एकाच लांबट डब्यात असतात. प्रतिमा एकास एक आणि सरळ. सीसीडीचं भिंग प्रतिमा उलटी करतं, हे डावं-उजवं ठरवताना विसरू नका, नाहीतर पहिल्या चाचणीत सगळी अक्षरं आरशातल्यासारखी येतात. सीआयएसला आरसे नाहीत, जुळवाजुळव नाही. बदल्यात तो कागद काचेला टेकलेलाच मागतो. कागद काही दशांश मिलिमीटर उचलला गेला की अक्षरं धूसर होतात. सीसीडीला कागद काही मिलिमीटर वर-खाली झाला तरी फारसं बिघडत नाही.

म्हणून सीआयएसचा डबा स्क्रूने घट्ट आवळायचा नाही. तो दोन टोकांच्या स्प्रिंगवर तरंगता ठेवायचा आणि वरच्या पांढऱ्या रोलरला हलकेच टेकवायचा. स्प्रिंग जोरदार केली तर कागद घासतो, ओली शाई काचेवर उतरते, आणि मोटरवर विनाकारण भार येतो.

पांढरा रोलर दोन कामं करतो: कागद दाबतो, आणि पान येण्याआधी ‘पांढरं म्हणजे किती पांढरं’ याचं मापही देतो. त्यावर डाग असला तर त्या जागेचं माप चुकतं आणि पूर्ण पानभर एक उभी रेघ उमटते. यावर उपाय सोपा आहे. माप घेताना रोलर फिरत ठेवा आणि अनेक वाचनांची सरासरी काढा.

एलईडीचा रंगही रचनेतलाच निर्णय आहे. लाल उजेडात लाल शाईचा शिक्का पांढऱ्या कागदासारखाच चमकतो आणि प्रतीतून गायब होतो. फॅक्सच्या कागदपत्रांवर शिक्के असणारच, तेव्हा पिवळट हिरवा उजेड बरा.

नवं, लहान यंत्र असेल तर सीआयएस घ्या. सुरकुतलेले, चिकटवलेले, जाड कागद येणार असतील तरच सीसीडीचा खटाटोप करा.

पायरी ३: एका वेळी एकच कागद

पानांच्या गठ्ठ्यातून एकेक पान सोडवायचं काम तीन घर्षणांच्या चढत्या क्रमावर चालतं. कागद-कागद यांतलं घर्षण सगळ्यात कमी, कागद आणि अडवणारं रबर यांतलं त्याहून जास्त, आणि कागद आणि ओढणारा रोलर यांतलं सगळ्यात जास्त. रचनेसाठी ०.५, ०.९ आणि १.४ असे गुणांक धरून चला. ओढणारा रोलर अडवणाऱ्या रबराला हरवतो म्हणून पान पुढे जातं, आणि अडवणारं रबर दुसऱ्या पानाची चिकट हरवतं म्हणून ते मागे राहतं.

या क्रमातल्या दोन फटी म्हणजे यंत्राचं आयुष्य. रोलर कागदाच्या धुळीने गुळगुळीत झाला, १.४ चा गुणांक ०.९ कडे घसरला, की पान ओढलंच जात नाही. अडवणारं रबर झिजून ०.५ कडे आलं की दोन पानं एकदम जातात. तेव्हा दाब वाढवून ‘पान ओढत नाही’ ही तक्रार मिटवू नका. तिन्ही ठिकाणी दाब जवळपास सारखाच वाढतो, क्रम तसाच राहतो. रबर बदला, किंवा निदान पुसा. आणि हे दोन्ही भाग हत्याराशिवाय निघतील असेच बसवा.

विभाजकापासून (ओढणारा रोलर आणि अडवणारं रबर यांच्या या जोडीपासून) पुढच्या ओढरोलरचं अंतर सगळ्यात आखूड कागदापेक्षा कमी हवं, हे उघडच आहे. उघड नसलेली गोष्ट अशी: विभाजकाचा रोलर पुढच्या ओढरोलरपेक्षा हळू फिरवा आणि त्याच्या शाफ्टवर एकेरी (एकाच दिशेने पकडणारा) क्लच घाला. पान पुढच्या रोलरच्या पकडीत गेलं की तो ते जास्त वेगाने ओढतो, आणि मागचा रोलर क्लचमुळे मोकळा, पानाबरोबर फिरतो. वेगातल्या या फरकाने दोन पानांमध्ये आपोआप मोकळी जागा पडते, आणि सेन्सरला एक पान संपून दुसरं सुरू झाल्याचं कळतं.

क्लच असला तरी विभाजकाचं रबर पानाला मागे खेचतच असतं. पानाची शेपटी त्या पकडीतून सुटते त्या क्षणी हे खेचणं एकदम नाहीसं होतं, आणि पान वाचनरेषेवर एका झटक्याने पुढे जातं. प्रत्येक पानाच्या शेवटापासून ठरावीक अंतरावर अक्षरं दाबल्यासारखी दिसत असतील तर ते अंतर मोजा. विभाजकापासून वाचनरेषेपर्यंतचं अंतर तेवढंच निघेल. उपाय म्हणजे वाचनरेषेच्या आधी आणि नंतर दोन्हीकडे ओढरोलर ठेवायचे आणि त्यांची पकड विभाजकाच्या खेचण्यापेक्षा कितीतरी जास्त ठेवायची.

पायरी ४: रोलर, गिअर आणि मोटर

हा या लेखाचा गाभा. ०.१२९९ मिमी सरकणं मोटरच्या पावलांशी पूर्ण आकड्यात जुळलं पाहिजे. सव्वा पाऊल किंवा पावणेदोन पावलं टाकता येत नाहीत.

साधी, स्वस्त स्टेपर मोटर (ठरावीक कोनाच्या पावलांनी फिरणारी) ७.५ अंशांची, म्हणजे एका फेऱ्यात ४८ पावलं. एक पाऊल म्हणजे १५.४ ची एक रेषा धरू. मग बारीक प्रतीला २ पावलं आणि साध्या प्रतीला ४. अर्ध्या पावलांवर विसंबून राहू नका. स्वस्त मोटरची अर्धी पावलं सारखी पडत नाहीत, आणि ती विषमता रेषांच्या अंतरात दिसते.

रोलर १६ मिमीच्या आसपासचा हवा असं समजू. त्याच्या एका फेऱ्यात अतिबारीक रेषा ५०.२७ × १५.४ = ७७४ येतात. ४८ पावलांनी भागलं तर गिअरचं गुणोत्तर १६.१३. असे दाते मिळवायला जाऊ नका, उलट करा. गुणोत्तर १६ पक्कं धरा आणि रोलरचा व्यास त्याला जुळवा. १६ × ४८ = ७६८ रेषा, भागिले १५.४ म्हणजे ४९.८७ मिमी परीघ, म्हणजे १५.८७ मिमी व्यास. गिअरचे दाते पूर्ण संख्येतच मिळतात. रबर मात्र हव्या त्या मापाला घासता येतं.

हा व्यास कागदाच्या जाडीच्या मध्यापर्यंतचा आहे. ०.१ मिमी जाडीच्या मूळ कागदासाठी रोलर १५.७७ चा हवा. छपाईच्या बाजूला थर्मल कागद ०.०६ मिमीचा असेल तर तो रोलर १५.८१ चा. एकच रोलर दोन्हीकडे वापरण्याचा मोह इथे सोडायचा. शिवाय दाबलेलं घन रबर पकडीत ताणलं जातं आणि कागद हिशेबापेक्षा किंचित जास्त सरकतो. किती, ते रबराच्या कडकपणावर आणि दाबावर अवलंबून असतं, म्हणून पहिला नमुना करून मोजा. १,१५५ बारीक रेषांना कागद बरोबर १५० मिमी सरकला पाहिजे. तो १५०.९ सरकला तर व्यास त्याच प्रमाणात कमी करा: १५.७७ × १५० ÷ १५०.९ = १५.६८.

आता दाते. सोळाचं गुणोत्तर ४ × ४ असं दोन टप्प्यांत करणं सोपं: १२ वरून ४८, पुन्हा १२ वरून ४८. पण थांबा. प्रत्येक फिरणाऱ्या वस्तूची चूक कागदावर ठरावीक अंतराने उमटते. मोटरचा एक फेरा कागदावर ३.१२ मिमी, मधल्या शाफ्टचा १२.४७ मिमी, रोलरचा ४९.८७ मिमी. पहिल्या पिनियनचा (मोटरवरच्या लहान गिअरचा) एक दाता ०.२६ मिमी, आणि शेवटच्या गिअरचा एक दाता १.०४ मिमी.

यातला १.०४ हा घातक आहे. हातात धरून वाचायच्या अंतरावरून डोळ्याला सगळ्यात चटकन दिसणारे पट्टे साधारण एक ते दीड मिमी अंतराचे असतात. म्हणजे सगळ्यात सोपी रचना घेतली तर सगळ्यात वाईट जागी पट्टे येतात. शेवटच्या टप्प्यात २४ वरून ९६ असे दाते घ्या. अंतर अर्ध्या मिमीवर येतं आणि डोळा ते सहसा सोडून देतो. अर्धा मॉड्यूल (गिअरचा मिलिमीटरमधला व्यास भागिले दाते) धरला तर ९६ दात्यांचा गिअर ४८ मिमीचा होतो. जागा जाते, पण ती द्यावी. जागा नसेलच तर शेवटची जोडी तिरक्या दात्यांची करा. अ‍ॅसिटाल प्लॅस्टिकचे साचेबंद तिरके गिअर सरळ दात्यांपेक्षा फार महाग पडत नाहीत. मात्र ते शाफ्टला बाजूला ढकलतात, त्यासाठी टोकाला वॉशर हवा.

गिअरमधल्या मोकळ्या खेळाची धास्ती नवशिक्यांना फार असते. यंत्र एकाच दिशेने चालतं. भार सतत मागे खेचत असेल तर दाते एकाच बाजूला टेकलेले राहतात आणि खेळ दिसतच नाही. भार उलटला की मात्र तो दिसतो: मोटर थांबते, रोलर आपल्या जडत्वाने खेळाइतका पुढे जातो, आणि रेषांचं अंतर बिघडतं. त्यासाठी रोलरच्या शाफ्टवर एक हलका घर्षण-ब्रेक ठेवा. फेल्टचा वॉशर आणि लाटदार स्प्रिंग एवढं पुरतं. मोटरचं थोडं बळ वाया जातं, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

स्कॅन आणि छपाईला एकच मोटर वापरून झुलत्या गिअरने दिशेप्रमाणे एक किंवा दुसरी बाजू जोडण्याची युक्तीही आहे. पैसे वाचतात. पण त्याच यंत्रावर झेरॉक्ससारखी प्रत काढायची तर दोन्ही बाजू एकदम चालाव्या लागतात, आणि मग त्या युक्तीत आणखी युक्त्या घालाव्या लागतात. दोन मोटरी लावून मोकळं व्हा.

पायरी ५: थांबणं आणि पुन्हा निघणं

फॅक्सच्या रेषा संक्षिप्त करून पाठवल्या जातात. कोरी रेषा चुटकीसरशी जाते, अक्षरांनी भरलेली रेंगाळते. साठवणीला पुरेशी मेमरी नसेल तर कागदाला टेलिफोन लाइनच्या तालावर थांबावं आणि निघावं लागतं.

२० मिलिसेकंदाला साध्या प्रतीची ४ पावलं म्हणजे सेकंदाला २००. ही मोटर एका दमात एवढ्या वेगाने निघू शकते. ५ मिलिसेकंदांत तीच ४ पावलं म्हणजे सेकंदाला ८००, आणि तिथे वेग हळूहळू चढवावा लागतो. वेग चढत असताना सेन्सरकडून रेषा घेऊच नका. पाऊल पडल्यावर रोलर घड्याळाच्या लंबकासारखा काही क्षण झुलतो. तो स्थिरावल्यावरच सेन्सरने प्रकाश गोळा करायला सुरुवात केली पाहिजे. हे साधलं नाही तर कोऱ्या भागानंतरची पहिली ओळ नेहमी धूसर येते, आणि लोक विनाकारण भिंग साफ करत बसतात.

पूर्ण पानाची मेमरी देता येत असेल तर द्या. कागद एका लयीत चालतो आणि वरचे निम्मे प्रश्न उरतच नाहीत.

पायरी ६: छपाई

थर्मल हेड म्हणजे सिरॅमिकच्या पट्टीवर २१६ मिमीत १७२८ सूक्ष्म तापक, ओळीने. साध्या प्रतीची प्रत्येक रेषा दोनदा छापतात, म्हणून छपाईची चाल कायम ७.७ चीच ठेवा.

इथला मुख्य प्रश्न दाब पानभर सारखा ठेवण्याचा. समजा हेड प्लॅटन रोलरवर (कागद हेडला टेकवणाऱ्या रबरी रोलरवर) ३० न्यूटनने दाबायचं आहे आणि बेअरिंगमधलं अंतर २३० मिमी आहे. रोलरचा पोलादी शाफ्ट ६ मिमीचा असेल तर तो मधोमध ०.३७ मिमी वाकतो, ८ मिमीचा असेल तर ०.१२, आणि १० मिमीचा असेल तर ०.०५. पकडीत रबर दबतं तेच मुळी एक-दोन दशांश मिलिमीटर. म्हणजे ६ मिमीच्या शाफ्टला मध्यभागी दाब उरतच नाही, पानाच्या मधली अक्षरं फिकी पडतात. हेडची शक्ती वाढवून ती गडद केली तर कडा काळ्याकुट्ट होतात आणि हेडचं आयुष्य घटतं. वाकणं व्यासाच्या चौथ्या घाताने कमी होतं, तेव्हा दोन मिलिमीटर पोलाद जास्त घालण्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही. रबर चाळीस-पन्नास शोअर ए च्या (रबराच्या कडकपणाच्या मापाच्या) आसपासचं, उष्णता सोसणारं सिलिकॉनचं घ्या.

हेड दोन टोकांना दोन स्प्रिंगवर बसवलं तर डाव्या-उजव्या स्प्रिंगमधला फरक थेट छपाईत दिसतो. त्यापेक्षा ते मधोमध एका खिळीवर झुलतं ठेवा आणि दाब त्या खिळीवर द्या. हेड रोलरला आपणहून समांतर होतं. कागदाच्या चालीच्या दिशेने पुढे-मागे मात्र ते घट्ट हवं.

तापकांची ओळ पकडीच्या नेमक्या कोणत्या भागावर येते यावर गडदपणा ठरतो. पकड दीड-दोन मिलिमीटरच रुंद असते. हेड ०.२ मिमीच्या टप्प्यांनी सरकवून एकेक काळी पट्टी छापा, सगळ्यात गडद आणि एकसारखी पट्टी येते तिथे ते पक्कं करा.

विजेचा एक हिशेब यांत्रिक माणसालाही करावा लागतो. तापकाचा रोध ३,००० ओहम आणि पुरवठा २४ व्होल्ट धरला तर एक तापक ०.१९ वॅट घेतो, पूर्ण काळी रेषा ३३२ वॅट, म्हणजे जवळपास १४ अँपिअर. एवढा पुरवठा कोणी देत नाही. रेषेचे चार भाग करून ते एकामागून एक तापवतात, साडेतीन अँपिअरवर भागतं. पण कागद तेवढ्यात सरकत राहिला तर चार भाग एका सरळीत येत नाहीत आणि आडवी रेघ पायऱ्यांची दिसते. म्हणून चारही भाग कागद थांबलेला असतानाच तापले पाहिजेत. मोटरच्या पावलांची वेळ आणि हेडची वेळ एकाच घड्याळावर बांधा.

गडद भाग छापून कागद थांबला की कागदाचा वितळलेला थर थंड होताना हेडला चिकटतो. पुन्हा निघताना ‘टर्र’ असा आवाज होतो आणि एक पांढरी रेघ सुटते. यावर पूर्ण उपाय नाही. मोटरला जास्त बळ ठेवणं आणि थांबे कमी करणं एवढंच हाती आहे. गुंडाळीचा कागद बाहेर पडताना वळतो, त्याला कटरच्या आधी उलट्या वळणावरून न्या. गुंडाळी संपत आली की वळण तीव्र होतं, म्हणून चाचणी नेहमी शेवटच्या काही फेऱ्यांवर घ्या.

लेझर छपाईचं यंत्र करायचं असेल तर हेडच्या जागी फिरणारा बहुकोनी आरसा येतो, एका बाजूला एक रेषा. त्याची एखादी बाजू किंचित कललेली असली तर सहा बाजूंच्या आरशात दर सहाव्या रेषेला दोष दिसतो. तो दंडगोल भिंगाने बराचसा झाकतात. कागदाच्या चालीचे बाकी नियम तेच.

पायरी ७: प्रत वाचून दोषी भाग ओळखा

जोडणी झाल्यावर आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचा चाचणी तक्ता क्रमांक १ आणि एक समांतर रेघांचा कागद यंत्रातून काढा आणि स्केल घेऊन बसा.

कागदाच्या चालीच्या दिशेने, उभी, अखंड रेघ असेल तर दोष न हलणाऱ्या भागात: काचेवरचा कण, सेन्सरचा ठिपका, हेडचा तापक. खोडण्याच्या पांढऱ्या शाईचा सुकलेला कण काचेवर बसला की अशीच रेघ येते. चालीला आडवे पट्टे असतील तर दोष फिरणाऱ्या भागात. मग पट्ट्यांमधलं अंतर मोजा. एकच पट्टा मोजू नका, दहा अंतरं मोजून दहाने भागा. ३.१२ आलं तर मोटरचं पिनियन शाफ्टवर तिरकं बसलंय. १२.४७ आलं तर मधला गिअर. ५० च्या जवळ आलं तर रोलर गोल नाही किंवा शाफ्ट वाकलाय. आपल्या यंत्राच्या अशा अंतरांचा तक्ता झाकणाच्या आत चिकटवा, दुरुस्ती करणारा दुवा देईल.

अंतर कुठल्याच गिअरला जुळत नसेल तर चूक फिरणाऱ्या भागाची नसून थरथरीची असते. वेग बदलून पुन्हा छापा. गिअरचा दोष वेग बदलला तरी त्याच अंतरावर राहतो, थरथरीचा दोष जागा बदलतो.

दोष स्कॅनचा की छपाईचा हे कळायला यंत्राच्या आत साठवलेली यादी छापून बघा. तिच्यात सेन्सरचा हात नसतो. यादी स्वच्छ आणि कागदाची प्रत खराब असेल तर स्कॅनची बाजू उघडा, दोन्हीकडे दोष असेल तर छपाईची.

लांबी, पट्टे आणि दाब जुळल्यावर हीच चाचणी कोरड्या आणि दमट हवेत परत घ्या. दमट कागदाचं घर्षण वाढतं आणि पानं एकमेकांना धरतात. कोरड्या हवेत स्थिर विजेने तीच पानं चिकटतात, बाहेर पडताना झाकणाला धरून राहतात. बाहेरच्या वाटेवर जमिनीला जोडलेला बारीक तारांचा ब्रश लावा, रोलरचे शाफ्ट पत्र्याच्या चौकटीला धातूच्या पट्टीने जोडा. आणि विभाजकाच्या रबराचा दाब ठरवायचा तो दमट दिवसाच्या गठ्ठ्यावर ठरवा. तिथे एकेक पान सुटलं तर कोरड्या दिवशी सहसा अडत नाही.